गोफण माझ्या ट्रंकेत

२ जानेवारी १९५६, सोमवार

नव्या वर्षाची भेट मिळाली. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "कालिंदीबाई, आजपासून सातवी ब चं विज्ञान तुमच्याकडे." मी म्हटलं, मी मराठी आणि शिवण शिकवते. ते म्हणाले, जयवंत सरांचा हात अजून गळ्यात बांधलेला आहे, खडू धरता येत नाही, दुसरं कोण आहे? नोव्हेंबरच्या संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात सरांच्या हातावर लाठी बसली. मी त्या दिवशी घरी पापड लाटत होते. आता त्यांचा वर्ग नको म्हणायला कुठल्या तोंडानं जाऊ?

शिवाय मी हंगामी. जूनमध्ये कायम करायचं की नाही ते याच हेडमास्तरांच्या हातात आहे. म्हटलं, "बरं." विज्ञानाला शेवटचा हात मॅट्रिकला लावला होता, आणि तोही पाठ करून.

४ जानेवारी

जडत्वाचा सराव केला. फुलपात्रावर पोस्टकार्ड, पोस्टकार्डावर आणा. कार्डाला टिचकी मारली की कार्ड उडतं आणि आणा खाली पात्रात पडतो. सहाव्या वेळी जमलं. मग अंगात वारं शिरलं. पाटावर फडकं घातलं, वर कपबशी ठेवली आणि फडकं झटक्यात ओढलं. बशी राहिली, कप गेला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लग्नाचं वय गेलं, आता डोकंही गेलं का गं?"

५ जानेवारी

वा! आणा टुण्णकन पडला आणि बावन्न पोरं एकदम ओरडली. मग मी त्यांना विचारलं, ट्राम एकदम थांबली की आपण पुढे का जातो? मॉनिटर राजाराम म्हणाला, "बाई, अंग म्हणतं मी अजून चालूच आहे." पुस्तकात याच्यापेक्षा वाईट लिहिलंय. पाचवीच्या बाई दारातून डोकावून गेल्या. मनातून फार बरं वाटलं. उगाच घाबरत होते म्हणायची.

१० जानेवारी

आज वाईट वागले.

वर्तुळाकार गती चालू होती. फळ्यावर वर्तुळ काढलं, मध्ये हात, हाताला दोरी, दोरीला दगड. सांगितलं, दोरी सोडली की दगड मध्यापासून बाहेर, असा, लांब फेकला जातो. आणि मधूनच बाहेर जाणारा बाण काढला. तिसऱ्या बाकावरच्या मालननं हात वर केला. ही दोन वर्षांपूर्वी कोकणातून आलेली, बाप लवू गिरणीत, अजून बोलणं सगळं गावाकडचं.

"नाय बाई, धोंडो तसो नाय जायत."

पोरं हसली. मला वाटलं मलाच हसली. म्हटलं, "मग कसा जातो? तू पुस्तक लिहिलंस का?" ती म्हणाली, "सरळ जाता. हात आसता थंयसून, पुढच्या बाजूक. मी सोडलंय ना गोफणीन."

मी तिला बाकावर उभं केलं. तास संपेपर्यंत. ती रडली नाही. फळ्यावरच्या बाणाकडे बघत उभी राहिली.

११ जानेवारी

काल रात्री जेवण झाल्यावर पुस्तक नीट उघडलं. शिकवण्याआधी मी आकृती बघितलीच नव्हती, नुसता मजकूर वाचला होता. आकृतीत दगड वर्तुळाला घासून सरळ चाललाय. खाली स्पष्ट लिहिलंय की दोरी दगडाला सतत आत ओढते, हेच केंद्रगामी बल. ते ओढणं थांबलं की जडत्वामुळे दगड त्या क्षणी ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला सरळ जातो. बाहेर ढकलणारं कुणी नाहीच मुळी.

म्हणजे पोरगी बरोबर, मी चूक, आणि बाकावर कोण उभं राहिलं?

आज सकाळी वर्गात हे सांगायचं ठरवून गेले होते. बावन्न तोंडं बघितल्यावर वेगळंच बोलले. "काल आपण जे बोललो ते आज प्रयोग करून पडताळू." आपण! किती सोयीचा शब्द. सुटीत मालनला बाजूला घेतलं आणि म्हटलं, घरी गोफण असली तर उद्या घेऊन ये. तिचे डोळे असे चमकले की मला तिथेच माफी मागावीशी वाटली. मागितली नाही.

१२ जानेवारी

शाळेच्या मागच्या अंगणात सगळा वर्ग नेला. जमिनीवर खडूनं मोठं वर्तुळ काढलं, मध्ये मालन. आजोबांनी विणलेली काथ्याची गोफण, मध्ये तळहाताएवढं जाळं. दगड नको म्हणून सुक्या मातीचं ढेकूळ घेतलं. एक दोरी तिनं बोटात अडकवली, दुसरी नुसती मुठीत धरली आणि डोक्यावर गरगर फिरवायला लागली. सूं सूं आवाज यायला लागला. मी ओरडले, "हात उजवीकडे आला की सोड!"

माझ्या आकृतीप्रमाणे ढेकूळ उजवीकडे मुतारीच्या पत्र्यावर आदळायला हवं होतं. ते गेलं सरळ समोर, गिरणीच्या भिंतीवर, आणि फुटलं. तीनदा केलं, तीनदा तिथेच. शिपाई कोंडीराम झाडू घेऊन आला होता, तोही टाळ्या वाजवायला लागला.

मालन म्हणाली, "दोरयेन आत ओढून धरल्यान म्हणान तो फिरता. सोडलो की आपल्या वाटेन सरळ." मी ते वाक्य जरा शुद्ध करून सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. कुणाचं वाक्य ते सांगितलं नाही.

तास संपल्यावर मालनकडून गोफण मागून घेतली. सातवी अ लाही दाखवायचंय म्हटलं. खरं कारण, मला स्वतःला फिरवून बघायची होती.

१३ जानेवारी

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर फिरवली. पहिलंच ढेकूळ माझ्याच कानशिलावर. आईनं विचारलं, काय लागलं? म्हटलं, दार. गोफण ट्रंकेत ठेवलीय, लुगड्यांच्या खाली. आईला दिसली तर संपलंच.

१६ जानेवारी

मालननं विचारलं, "बाई, गोफण?" विसरलेच होते. उद्या आणते म्हटलं.

संध्याकाळी खालच्या बिऱ्हाडात रेडिओ ऐकायला चाळ जमली. मुंबई केंद्राच्या ताब्यात.  मग जिन्यावरून पोरं ओरडत उतरली आणि पाठोपाठ सगळी चाळ.

१८ जानेवारी

शाळा बंद. संचारबंदी. गल्लीच्या तोंडाशी अश्रुधूर सोडला, डोळ्यांना कांदा लावून बसलोय. गोळ्यांचे आवाज येतात. आई जप करते. मी खिडकीतून बघते. उतरत नाही.

२१ जानेवारी

परळ-लालबागला फार माणसं पडली म्हणतात. कुणी दहा म्हणतं, कुणी पन्नास. माझी शाळा तिथे, वर्गातली पोरं सगळी तिथली. एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो.

२७ जानेवारी, शुक्रवार

शाळा उघडली. बावन्नच्या बावन्न हजर. हजेरी घेताना एकेक नाव दोनदा वाचलं.

मधल्या सुटीत हेडमास्तरांनी बोलावलं. खोलीत मालन उभी, दारात कोंडीराम. हेडमास्तरांचा चेहरा उतरलेला. पोलीस येऊन गेले होते. शाळेच्या मागच्या गल्लीतून त्यांच्या गाडीवर गोफणगुंडे आले, एका पोलीस शिपायाचं डोकं फुटलं. तुमच्या शाळेतलं कोणी असेल तर बघा, नाहीतर आम्ही बघतो, असं सांगून गेले. हेडमास्तरांनी चौकशी केली तेव्हा कोंडीरामच्या तोंडून निघालं की सातवीतल्या एका मुलीला मागे गोफण फिरवताना पाहिलंय.

कोंडीराम माझ्याकडे बघत नव्हता.

हेडमास्तरांनी मालनला विचारलं, "गोफण तुझी?"

"होय."

"कुठे आहे?"

तिनं माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग म्हणाली, "हरवली."

"हरवली! बरोबर दंगलीत हरवली!" मग माझ्याकडे वळून, "कालिंदीबाई, हा प्रकार तुम्हाला ठाऊक होता?"

मी म्हटलं, "शाळेत गोफण? नाही हो."

तो 'हो' मी कुठून काढला कोण जाणे. अगदी सहज निघाला, शेजारणीशी बोलावं तसा. ती पोरगी तिथेच उभी होती. हेडमास्तरांनी तिचं नाव पटावरून काढलं. पोलिसांना तसं कळवतो म्हणाले. मालननं दप्तर उचललं, दोघांना नमस्कार केला आणि गेली. मलाही केला.

गोफण माझ्या ट्रंकेत आहे. बारा तारखेपासून एका क्षणासाठीही ती परळात नव्हती. तिनं कोणावर मारली असणं शक्यच नाही, आणि हे ठामपणे सांगू शकेल असं माणूस या मुंबईत एकच आहे.

२८ जानेवारी

स्वतःला समजावते आहे. मी बोलले तर नोकरी जाईल, कदाचित पोलीसही बोलावतील, आई एकटी आहे. मालन लहान आहे, दुसरी शाळा मिळेल. एवढं लिहून वाचलं. वाचून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मार्चमध्ये सातवीची फायनल, सरकारी परीक्षा आहे. पटावर नाव नाही तर फॉर्म नाही. मध्येच कोणती शाळा घेणार आहे तिला, तेही पोलिसांच्या कागदात नाव गेल्यावर?

बरं झालं, ही गोष्ट फक्त तिला आणि मला ठाऊक आहे. वर्गातली पोरं काय, आज आहे उद्या नाही, विसरली असतील.

३० जानेवारी

शाळा सुटल्यावर फाटकाशी एक बाई उभी होती. मालनची आई, गंगुबाई. मला बघून डोक्यावरचा पदर सारखा केला.  आता ही चार लोकांत माझी लक्तरं काढणार!

ती म्हणाली, "बाई, ह्या चेडवाचा, मालनीचा, चुकलाच. मी तेका बडवलंय. गावाक भातार पाखरा येतत, घराघरात गोफण आसता, तेका वाटला हयसरय चलता. तुमी हेडमास्तराक एक शबुद सांगा. तुमचो शबुद ते मोडूचे नाय. चेडू घराक सारख्या तुमचाच नाव घेता."

मी विचारलं, काय म्हणते?

"म्हणता, बाई बरे शिकवतत."

म्हणजे आईच्या हातचा मार खाऊनही पोरीनं सांगितलं नाही की गोफण मी आणायला सांगितली. मी म्हटलं, "बघते हं." गंगुबाईनं माझे हात धरले आणि डोळे पुसले. फायनल झाली की नर्सिंगला घालायचीय म्हणाली. मी ट्राममध्ये बसले आणि गिरगाव येऊन गेलं तरी उतरले नाही.

३ फेब्रुवारी

आज सांगायचंच म्हणून हेडमास्तरांच्या खोलीत गेले. त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, "सर, रंगीत खडू संपलेत." त्यांनी खडूचा डबा दिला. घेऊन आले.

खाई त्याला खवखवे, असं आई म्हणते. हेडमास्तर नुसते खाकरले तरी दचकते. कोंडीराम पाणी आणून ठेवतो आणि न बोलता जातो. पूर्वी दोन शब्द बोलायचा. माझ्या पापामुळे मला सगळीकडे तेच दिसतंय, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. वर्गही हल्ली फार शहाणा झालाय. गडबड नाही, दंगा नाही, फळा आधीच पुसलेला. मालनच्या जागेवर कोणी बसत नाही. म्हटलं, राजाराम, पुढे सरक. तो म्हणाला, "असू दे बाई."

६ फेब्रुवारी

आज दुपारी चिंचपोकळीच्या नाक्यावर मालन समोरूनच आली. हातात बापाचा डबा. मी रस्ता ओलांडणार होते, लिहायला लाज वाटते पण ओलांडणारच होते. तिनं हाक मारली, "बाई!"

कपाळावर जखम होती, सुकत आलेली. मी विचारलं, आईनं मारलं? ती हसली. म्हणाली, "ता जुना. बाई, आता खयचो धडो चलता?"

मी म्हटलं, हवेचा दाब.

"तो मी राजारामाकडसून उतरून घेतलंय. फुडचो कधी?"

मी म्हटलं, गुरुवारी. ती बरं म्हणाली आणि डबा सांभाळत चालायला लागली. तिला काढून टाकलंय, फॉर्म नाही, परीक्षा नाही, आणि ती धडे उतरून घेते. गोफणीचं एक अक्षर नाही, मागितलीसुद्धा नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

घरी येऊन ट्रंक उघडली. गोफण बाहेर काढून पिशवीत ठेवली. आईनं पाहिली. सगळं सांगितलं तिला. मला वाटलं म्हणेल, गप्प बस, नोकरी सांभाळ. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या बापानं तुला शिकवली ती ह्याच्यासाठी का गं?"

९ फेब्रुवारी, गुरुवार

फॉर्मचा शेवटचा दिवस. प्रार्थना व्हायच्या आत हेडमास्तरांच्या टेबलावर गोफण ठेवली.

"हे काय?"

"मालनची गोफण. सर, मी खोटं बोलले. मी फळ्यावर चुकीचं शिकवलं, तिनं चूक दाखवली, मी तिला शिक्षा केली. मग प्रयोगासाठी मीच गोफण आणायला सांगितली आणि मीच घरी नेली. दंगलीचे सगळे दिवस ही गिरगावात माझ्या ट्रंकेत होती."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "मग मी पोलिसांना आता काय सांगू?"

"हेच."

"आणि त्यांनी तुम्हाला चौकीवर नेलं तर?"

"तर जाईन." टेबल धरून उभी होते. शूरपणा वगैरे काही नाही. दोन आठवडे उशिरा आलेलं माणूस शूर कसलं?

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग कागद पुढे सरकवला. "लेखी द्या." दिलं.  त्यांनी मालनचं नाव पटावर पुन्हा लिहिलं, फॉर्मवर सही केली आणि कोंडीरामला तिच्या घरी पाठवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जूनपासून तुमची व्यवस्था तुम्ही बघा, बाई. माझा नाइलाज आहे." मी म्हटलं, समजलं. मनात धरलं होतंच.

चार वाजता गंगुबाई मालनला घेऊन आली. फॉर्मवर पोरीची सही झाली. गंगुबाई मला म्हणाली, "तुमच्या शबदान झाला बाई." मी तिला तिथेच खरं सांगितलं.  तिनं मालनच्या कपाळावरच्या जखमेवर हात ठेवला आणि माझ्याशी न बोलता तिला घेऊन गेली. बरोबर केलं.

१० फेब्रुवारी

मालन आपल्या जागेवर येऊन बसली. मी हजेरी घेतली आणि वही मिटली. काल हेडमास्तरांपुढे बोलणं सोपं होतं, आजचं अवघड. सांगितलं, "दहा जानेवारीला फळ्यावर मी चुकीचा बाण काढला. मालन बरोबर होती आणि मी तिला बाकावर उभं केलं. वहीत तुम्ही लिहिलंय ते वाक्य तिचं आहे. आणि सत्तावीस तारखेला मी हेडमास्तरांना सांगितलं की मला गोफण ठाऊक नाही. ते खोटं होतं. मालनचं नाव माझ्या खोट्यामुळे गेलं. मी तिची माफी मागते."

 मला वाटलं होतं, दचकतील, कुजबुजतील, निदान एक तरी पोरगं आ वासेल. सगळी खाली मान घालून बसली होती, आपणच पकडले गेल्यासारखी. माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा प्रकाश पडला. बावन्न पोरं त्या अंगणात उभी होती! माझ्या ओरडण्यावर मालननं दोरी सोडली, ते सगळ्यांनी ऐकलं होतं. कोंडीरामनं टाळ्या वाजवल्या होत्या. मी काय म्हणून समजत होते की फक्त तिला आणि मला ठाऊक आहे?

विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

राजाराम उभा राहिला. "होय बाई. त्याच दिवशी कळलं. मालननं सगळ्यांना शपथ घातली, बाईंचं नाव कोणी घ्यायचं नाही, त्यांची नोकरी जाईल. कोंडीराममामांनापण सांगितलं."

"सगळ्यांना? आणि कोणी बोललं नाही?"

"नाही."

पंधरा दिवस मी या वर्गात येत होते, हजेरी घेत होते, खरेपणावरचे सुविचार फळ्यावर लिहीत होते. हे सगळे समोर बसून हजर बाई, हजर बाई म्हणत होते.

"अरे, मग मला तरी का नाही सांगितलंत, की आम्हाला ठाऊक आहे म्हणून?"

राजारामनं मालनकडे बघितलं, मालननं खाली. शेवटी तोच म्हणाला, "बाई, तुम्हाला लाज वाटली असती."